वृंदगान शिकवायचं आहे? मग आधी ‘सा’ कुठला ते ठरवा

दरवर्षी जुलैमध्ये प्रवेशांची गडबड ओसरली की एखादी मुलगी किंवा मुलगा वर्ग सुटल्यावर रेंगाळतो. बाकीचे गेल्यावर विचारतो, “ताई, मला मैफल नाही करायची. मला गट बसवायला आवडतो. यात पुढे काही होतं का?” होतं. विद्यापीठात, महाविद्यालयात, शाळेत वृंदगान शिकवणं हा पूर्ण वेळचा, मान असलेला व्यवसाय होऊ शकतो. फक्त त्याची वाट कुठे छापून ठेवलेली नाही, म्हणून मला ठाऊक आहे तशी इथे मांडते आहे. माझं सगळं शिकणं आणि शिकवणं बडोद्यात झालं, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील.

बडोद्याचा उल्लेख नुसता अभिमानापोटी करत नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी इथे गायनशाळा काढली आणि ती गवई मौलाबक्षांच्या हाती दिली. तोवर गाणं गुरूच्या घरी, एकेकट्या शिष्याला मिळायचं. इथे एका खोलीत वर्गभर मुलं बसली आणि मौलाबक्षांना स्वरलिपी लागली, कारण वीस जणांना एकच गोष्ट एकसारखी सांगायची तर ती कागदावर यावी लागते. तीच शाळा वाढत वाढत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली. सूरसागर तलावाच्या काठावरून जाताना आतून रियाझ ऐकू येतो तेव्हा मला नेहमी तो पहिला वर्ग आठवतो. वीस गळे एका स्वरावर कसे आणायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि आपल्यापुढचाही तोच आहे.

पायरी १ : कागदपत्रांची बाजू उरकून घ्या

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. माझ्या ओळखीतले फार चांगले शिक्षक केवळ एक प्रमाणपत्र नाही म्हणून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राहिले.

विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर संगीतात पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि त्यावर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा राज्याची सेट, किंवा पीएच.डी., हा सरळ रस्ता. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. दुसरा रस्ता फार जणांना माहीत नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत संगीतासाठी कलाकारांची वेगळी तरतूद आहे. विषयातली पदवी, नामवंत गुरूंकडे घेतलेलं शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी आणि विषय सोदाहरण समजावून सांगण्याची क्षमता, एवढं असेल तर नेटशिवायही दार उघडू शकतं.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद, अलंकार या परीक्षा आपल्या घरांतून बहुतेकांनी दिलेल्या असतात. त्या द्याच. शाळेतल्या नोकरीला त्या उपयोगी पडतात आणि शास्त्राचा पाया पक्का होतो. मात्र मंडळाच्या प्रमाणपत्राला तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात पदवीइतकं धरतात का, हे अर्ज करण्याआधी लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

पायरी २ : दोन लिप्या आणि एक पेटी

भातखंडे पद्धत तुम्हाला येतेच. खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर (म) उभी रेघ म्हणजे तीव्र. एका ओळीची चाल लिहायला ती उत्तम आहे. पण चार गट एकाच वेळी चार वेगळ्या गोष्टी गात असतील, तर कुठला स्वर कुठल्या स्वरावर बसतोय हे डोळ्यांना एका नजरेत दिसावं लागतं, आणि तिथे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनला, म्हणजे पाच रेघांवर स्वर मांडायच्या पद्धतीला, तोड नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या थिअरीच्या परीक्षा भारतात देता येतात. सुरुवातीच्या चार-पाच श्रेणींचा अभ्यास केलात तरी चार आवाजांचं साधं पान वाचता येईल. वय काय, असा विचार मनात आणू नका. मी तिशी उलटल्यावर शिकले.

वाद्य म्हणाल तर हार्मोनियम किंवा कीबोर्ड, दोन्ही हातांनी, साधं. डाव्या हाताने एक गट आणि उजव्या हाताने दुसरा गट वाजवून दाखवता आला की पुरे.

पायरी ३ : आवाज ऐकून घ्या, निवडू नका

पहिल्या वर्षी मी तीस जणांतून बारा ‘चांगले’ आवाज निवडले. सगळे ख्यालाचे विद्यार्थी, सगळे तयारीचे. तीन महिन्यांनी माझ्याकडे बारा उत्तम एकटे गायक होते आणि वृंद नव्हता. प्रत्येकाची हरकत (गाण्यातली लहानशी नक्षी) वेगळी, प्रत्येकाचा आकार (‘आ’ लावायची ढब) वेगळा, आणि प्रत्येकाला आपलाच आवाज कानात हवा.

तेव्हापासून चाचणीत मी तीनच गोष्टी बघते. एक, मी गायलेला स्वर तो मुलगा हळू आवाजात जसाच्या तसा धरतो का. हळू आवाजात, कारण मोठ्याने गाताना बरंच काही लपतं. दोन, मी गंधार (ग) धरलेला असताना त्याला षड्जावर (सा) टिकून राहता येतं का. ही खरी कसोटी. अनेक उत्तम गायक इथे घसरतात आणि भजनी मंडळात आईच्या शेजारी बसून टाळ वाजवत वाढलेली मुलगी अढळ राहते. तीन, त्याचा गळा सगळ्यात खाली कुठे जातो आणि सगळ्यात वर कुठे, हे पेटीवर लावून बघायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा आवाज नुकताच बसत असतो, म्हणून ही नोंद दर सहा महिन्यांनी नव्याने करा.

त्या वहीवरून मुलींचे दोन आणि मुलांचे दोन गट पडतात. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास ही नावं वापरा किंवा ‘वरच्या मुली, खालच्या मुली’ म्हणा. नावाने काही अडत नाही.

पायरी ४ : ‘सा’ कुठे ठेवायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडचे बहुतेक मिश्र गट याच ठिकाणी फसतात आणि दोष मुलांच्या तयारीला देतात.

आपल्या पद्धतीत मुली साधारण काळी चार ते काळी पाचमध्ये गातात आणि मुलं काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीवरच्या त्या क्रमांकाच्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर सा धरून. प्रत्येकाला लहानपणापासून आपापल्या पट्टीची सवय असते. एकत्र बसवलं की शिक्षक सवयीने मुलींची पट्टी घेतो, कारण बहुधा मुलीच जास्त असतात. आता समजा, गाणं मंद्र पंचमापासून (खालच्या ‘प’पासून) तार गंधारापर्यंत जातं आणि तुम्ही काळी पाच घेतली. मुलींचं छान चालेल. मुलांना मात्र खालच्या सप्तकात गायचं तर मंद्र पंचम इतका खोल जातो की नुसती गुरगुर ऐकू येते, आणि वरच्या सप्तकात गायचं तर किंचाळावं लागतं. माझ्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात नेमकं हेच झालं. मागच्या रांगेतली सात मुलं पूर्ण कडवंभर ओठ हलवत उभी होती. चूक सर्वस्वी माझी होती. मी पट्टी ठरवताना गाण्याचा विस्तार मोजलाच नव्हता.

म्हणून क्रम असा ठेवा. गाणं हातात आलं की आधी त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर लिहा, पट्टी मग. गाणं मंद्रात बरंच उतरत असेल तर काळी एक ते काळी दोनच्या आसपास सा धरा. मुलींना तार सप्तकात थोडं चढावं लागेल, तिथली ओळ फक्त वरच्या मुलींना द्या. गाणं षड्जाच्या खाली उतरतच नसेल, तर काळी चार चालते. मुली आपल्या नेहमीच्या जागी, मुलं एक सप्तक खाली, आणि दोघांचाही गळा मोकळा राहतो. दीड सप्तकापेक्षा जास्त विस्ताराचं गाणं मिश्र वृंदासाठी पहिल्या वर्षी घेऊच नका.

तिसरी एक युक्ती आहे आणि ती मला अतिशय प्रिय आहे. मुलांचा सा काळी एक आणि मुलींचा सा काळी चार ठेवा. म्हणजे मुलांचा पंचम तोच मुलींचा षड्ज. एकच तानपुरा दोघांना पुरतो. मुलांच्या लेखी तो पंचमाचा तानपुरा आणि मुलींच्या लेखी मध्यमाचा. आता मुलांना त्यांच्या सा वरून भूप राग गाऊ द्या : सा रे ग प ध. पेटीवर या पाच पट्ट्या बघा आणि मुलींच्या सा वरून त्याच पट्ट्या वाचा. सा रे म प ध येतं. म्हणजे दुर्गा! एकाच पाच पट्ट्यांवर मुलं भूप गातात आणि मुली दुर्गा गातात, कुणालाही आपली पट्टी सोडावी लागत नाही. मूर्च्छनेचं (त्याच पट्ट्या सा बदलून वाचण्याचं) हेच तत्त्व पंडित जसराजांनी स्त्री-पुरुष जुगलबंदीसाठी ‘जसरंगी’त वापरलं. वर्गात मी हे आधी समजावून सांगत नाही. गाऊन घेते आणि मग विचारते, तुम्ही कुठला राग गायलात? दोन्ही बाजूंनी दोन उत्तरं येतात आणि त्या क्षणी मुलांना कळतं की शेजारच्याचं ऐकणं म्हणजे काय.

पायरी ५ : चाल बांधणं, राग न मोडता

पाश्चात्त्य स्वरसंवादाचं पुस्तक वाचून उत्साहाने प्रत्येक स्वराखाली तिसरा स्वर लावत गेलात, तर राग हातातून जातो. यमनात अचानक शुद्ध मध्यम डोकावतो, भैरवात कुठलाही गंधर्व धावून आला तरी वाचवू शकत नाही. मी तीन साधनांवर भिस्त ठेवते.

पहिलं साधन म्हणजे आधारस्वर. एक गट सा-प किंवा सा-म धरून राहतो आणि बाकीचे चाल गातात. अगदी नवख्या गटालाही हे जमतं आणि कानाला सगळ्यात जास्त शिकवतं.

दुसरं म्हणजे पाठलाग. पहिला गट ओळ सुरू करतो, दुसरा अर्ध्या आवर्तनाने (तालाच्या अर्ध्या फेरीने) तीच ओळ मागून उचलतो. यासाठी भूप किंवा दुर्गा घ्या. या रागांत दोन लगतच्या स्वरांत कुठेही अर्धस्वराचं अंतर नाही, त्यामुळे कुठलाही स्वर कुठल्याही स्वरावर पडला तरी कान फारसा दुखत नाही. हेच भैरवात करून बघा. कोमल रिषभ षड्जावर घासतो, कोमल धैवत पंचमावर घासतो. तसा परिणाम मुद्दाम हवा असेल तेव्हाच ते करावं.

तिसरं साधन आपल्या घरचं आहे : झील. पोवाड्यात शाहीर पुढे गातो आणि झीलकरी मागून ‘जी जी’ म्हणत ओळ उचलून धरतात. बडोद्याची गंमत अशी की गरब्यातही एक जण गवडावतो, म्हणजे पुढे गातो, आणि बाकीचे झीलतात. गुजरातीतही क्रियापद तेच, ‘झीलवुं’, झेलणं. माझ्या गटात निम्मी मुलं दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली आणि निम्मी गुजराती. त्यांना ‘कॉल अँड रिस्पॉन्स’ म्हटलं तर वहीत लिहून घेतात. झील म्हटलं की लगेच गाऊ लागतात.

पायरी ६ : तालीम

आठवड्यातून दोनदा दीड तास पुरतो. रोज अर्धा तास मिळत असेल तर त्याहून बरं.

सुरुवातीची पंधरा मिनिटं ओठ थरथरवत सा-प-सा, मग हुंकार, मग हळू आवाजात आकार. मग शब्दांविना फक्त सरगम, मग लयीत नुसते शब्द बोलून, आणि शेवटी दोन्ही एकत्र. मुख्य चाल शेवटी शिकवा. ती आधी शिकवलीत तर मधले गट आपली ओळ सोडून तिकडे ओढले जातात, कारण ती ओळखीची आणि गोड असते.

तालमीत हार्मोनियम कमीत कमी वाजवा. पेटीचा गंधार तानपुऱ्यातून येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. एकट्या गायकाला हा फरक निभावून नेता येतो. पण चाळीस जण षड्ज, गंधार, पंचम एकत्र धरतात तेव्हा खरा गंधार लागला की खोली भरून येते, आणि पेटीचा लागला की कुठेतरी खरखर राहते. तानपुरा लावा, मोबाइलवरचाही चालेल. सा आणि प धरायला सांगा, मग एका गटाला गंधार हळूहळू खालून वर आणायला सांगा. तो जागेवर बसला की मुलांचे चेहरे सांगतात.

श्वास सगळ्यांनी एकाच ठिकाणी घेतला तर ओळ तुटते. शेजाऱ्याबरोबर ठरवून घ्या, तू इथे घे, मी दोन मात्रांनी घेते. परत येताना आवाज हळू ठेवून सामील व्हायचं.

वृंदाचा स्वर उतरतो तो बहुतेक वेळा अवरोहात. खाली येताना मुलं पायरी जरा मोठीच टाकतात. तानपुरा बंद करून एक कडवं गाऊन घ्या आणि शेवटच्या सा वर तानपुरा पुन्हा सुरू करा. किती उतरलो ते सगळ्यांना एकदम ऐकू येतं, मला बोलावं लागत नाही.

उच्चारांकडे बडोद्यात विशेष लक्ष द्यावं लागतं. एखाद्या संस्कृत प्रार्थनेत ‘ज्ञान’ शब्द आला की माझ्या वर्गात तीन ज्ञान निघतात. मराठी मुलं ‘द्न्यान’ म्हणतात, गुजराती ‘ग्नान’, आणि हिंदी घरांतली ‘ग्यान’. कोणताही एक घ्या, पण पहिल्याच दिवशी ठरवा. मराठी गीतात ‘चांदणं’, ‘जग’ यांतले दंततालव्य च, ज गुजराती मुलांच्या जिभेला नवे असतात. ते आरशासमोर शिकवावे लागतात, आणि मुलं फार प्रेमाने शिकतात.

पायरी ७ : हात

समोर उभं राहून हात हलवायला सगळ्यांना संकोच वाटतो. उजव्या हाताने लय दाखवा, डाव्या हाताने आवाज लहान-मोठा करणं, थांबवणं, एखाद्या गटाला आत घेणं. टाळी-खाली (तालातल्या टाळीच्या आणि बिनटाळीच्या जागा) मोजू नका, ते काम तबल्याचं आहे. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेहमी वरून खाली येणाऱ्या ठोक्याने दाखवा. रूपक तालात समेवरच ‘खाली’ असते म्हणून अनेक जण तिथे हात वर नेतात आणि गट गोंधळतो. रूपकातही सम खाली येणाऱ्या हातानेच द्या आणि तीन-दोन-दोन असे भाग स्पष्ट ठेवा.

सुरुवातीचा हात सर्वांत महत्त्वाचा. गाणं सुरू होण्याच्या आधीच्या मात्रेला तुम्ही हात उचलता तेव्हा तुम्ही स्वतः श्वास घ्या, दिसेल असा. तुमच्याबरोबर अख्खा गट श्वास घेतो आणि पहिला स्वर एकत्र पडतो. हे घरी आरशासमोर शंभरदा करा. लाजू नका.

पायरी ८ : युवक महोत्सव आणि त्यापलीकडे

भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात समूहगानाची स्पर्धा असते, भारतीय आणि पाश्चात्त्य अशी वेगवेगळी. भारतीय समूहगानात सहा गायक, तीन साथीदार आणि दहा मिनिटं, अशी चौकट आहे. त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचा, कारण वेळ ओलांडल्याचे गुण जातात. विद्यापीठातल्या शिक्षकाचं काम प्रशासनाच्या नजरेत बहुधा याच स्पर्धेतून दिसतं, तेव्हा ती मनापासून करा. पण सहा जणांच्या तयारीसाठी उरलेल्या चौतीस जणांची तालीम बंद ठेवू नका. मी एक वर्ष ठेवली होती. पुढच्या जुलैत त्यातले अकराच परत आले.

पोटापाण्याचं म्हणाल तर कायमची जागा निघेपर्यंत चार-पाच वर्षं तासिका, शाळेतली नोकरी, खासगी वर्ग असं मिळून चालवावं लागतं. या वर्षांत तीन गोष्टी जमवा. तुम्ही बांधलेल्या दहा तरी रचना, स्वच्छ लिहिलेल्या, दोन्ही लिप्यांत. प्रत्येकीचं बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण. आणि शिकवतानाचं एक अर्ध्या तासाचं चित्रीकरण, ज्यात गट सुरुवातीला चुकतो आणि शेवटी जमवतो. मुलाखतीत हे तिसरंच सर्वांत जास्त बोलतं. तयार कार्यक्रम कुणीही दाखवू शकतो.

उन्हाळ्यात जरा मोकळीक मिळाली की दुसऱ्यांची तालीम बघायला जा, कार्यक्रम बघायला नव्हे. चर्चमधला गायकवृंद, शाळेचा प्रार्थनावर्ग, भजनी मंडळ, नवरात्रीआधीची गरब्याची तालीम, जिथे आत बसू देतील तिथे. मागे बसा, वही उघडी ठेवा, आणि शिक्षक कधी थांबवतो, कधी चूक सोडून देतो, एवढंच लिहून आणा. माझ्याकडे अशा सात वह्या झाल्या आहेत. जून संपत आला की मी त्या काढते, पेटीवर नव्या गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधते आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने पट्टी लिहिते. पेन्सिलीने, कारण मुलं आल्यावर ती बदलावी लागते.